नवं ऑइल सील टाकूनही पुढचा शॉकअप गळतोच, तेव्हा काय शोधायचं

माझ्या डर्ट बाइकचा डावा शॉकअप एकाच हंगामात तीनदा गळला. तिन्ही वेळा मी तेच केलं: नवं ऑइल सील (तेल आत अडवणारं रबरी कडं), नवं डस्ट सील (त्याच्या बाहेर बसून धूळ अडवणारं कडं), ताजं ऑइल. पहिलं सील १८ तास चाललं, दुसरं ११ आणि तिसरं जेमतेम ६. उजवा शॉकअप मात्र सगळा वेळ कोरडा ठणठणीत. दोन्हीकडची सीलं एकाच पाकिटातली, ऑइल एकाच डब्यातलं, बसवणारे हातही तेच. मग सील फक्त डावीकडचंच का मरत होतं?

चौथ्या वेळी नवं सील आणण्याआधी मी दोन संध्याकाळी फक्त कारण शोधण्यात घालवल्या. कारण सापडलं, दुरुस्त केलं, आणि त्यानंतर ६० तासांहून जास्त गाडी चिखलातून, दगडांतून, उड्यांवरून चालली आहे. पाइप अजून कोरडा आहे. सील बदलण्याची रीत बऱ्याच जणांना येते. तेच सील पुन्हा पुन्हा का जातं, ते शोधायची रीत इथे लिहितो आहे.

आधी खरंच गळतंय का ते बघा

शॉकअपच्या चकचकीत पाइपावर बोट फिरवलं आणि किंचित तेलकट लागलं, तर घाबरू नका. सीलचे ओठ पाइपावर तेलाचा अगदी पातळ थर मुद्दाम ठेवतात. तो नसेल तर रबर कोरडं घासून लवकर फाटेल. त्या थरावर धूळ बसते आणि कडं उमटतं. शिवाय सील बसवताना आपण ओठांना ग्रीस लावतो, त्यातलं जादा ग्रीस पहिल्या एकदोन फेऱ्यांत बाहेर येतं आणि काळपट रेघ दिसते. ती पुसून टाका, पुन्हा आली नाही तर विषय संपला.

खरी गळती ओळखायची साधी परीक्षा अशी: पाइप स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडा पुसा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर अंग टाकून शॉकअप वीसेक वेळा सपाटून दाबा. पाइपावर ओलं, चमकणारं कडं आलं, बोटाने ओढल्यावर ओघळ झाला, तर सील तेल सोडतंय. ओघळ खाली कॅलिपरपर्यंत (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागापर्यंत) गेला असेल तर गाडी तिथेच उभी करा. डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर तेल गेलं की पुढचा ब्रेक लागत नाही, आणि तेल मुरलेले पॅड कितीही घासले तरी पूर्वीसारखे होत नाहीत, ते बदलावेच लागतात.

तेल कुठून येतंय तेही नीट पाहा. आजच्या बहुतेक मोटोक्रॉस आणि एंड्युरो गाड्यांना उलटे शॉकअप असतात, म्हणजे जाड नळी वर आणि चकचकीत पाइप खाली. यात सील जाड नळीच्या खालच्या तोंडाशी बसतं आणि तेल कायम त्याच्या डोक्यावर उभं असतं. म्हणून सील थोडंसं खराब असलं तरी गाडी नुसती उभी असतानाही गळते. जुन्या पद्धतीच्या सरळ शॉकअपमध्ये सील वर असतं, तेल बहुतेक चालतानाच बाहेर येतं. कधी कधी तेल सीलमधून येतच नाही. वरच्या कॅपची ओ-रिंग चिमटली असेल तर तेल नळीवरून उतरत सीलपाशी जमा होतं. तळाच्या बोल्टचं वॉशर गेलं असेल तर ॲक्सलच्या आसपास ओलं दिसतं आणि पाइप मात्र कोरडा असतो. दोन्ही वेळा लोक सील बदलतात, आणि गळती तशीच राहते.

दहा मिनिटांचा उपाय आधी

सीलच्या ओठाखाली वाळूचा एक कण अडकला तरी तेवढ्या जागेवरून तेल निसटतं. शॉकअप उघडण्याआधी हा उपाय करून बघायलाच हवा. डस्ट सीलच्या फटीत टोकाला टेप गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर घाला आणि हलक्या हाताने ते खाली सरकवा. आत सुकलेला चिखल दिसेल, तो फुंकून नव्हे, पुसून काढा. फुंकलं की तो वर सीलमध्ये जातो. मग कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची पट्टी घ्या, ती नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या पातळ प्लास्टिकची. एका कोपऱ्याला आकडीसारखा आकार द्या, कडा गुळगुळीत करा, शॉकअपच्या तेलात बुडवा आणि पाइप व सील यांच्यामध्ये सरकवून पूर्ण गोल फिरवा. बाहेर काढल्यावर पट्टीच्या आकडीत काळी रेती दिसेल. पुसा आणि पट्टी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा. लोखंडी फीलर गेज या कामाला कधीही वापरू नका, ओठ कापला जातो.

याच वेळी कॅपवरच्या हवेच्या स्क्रूकडे लक्ष द्या. पुढचं चाक जमिनीपासून उचलून, शॉकअप पूर्ण ताणलेला असताना तो स्क्रू सैल करा आणि पुन्हा लावा. बऱ्याचदा फुस्स आवाज येतो. सकाळी २० अंशांना बंद झालेली हवा चालवून ६० अंशांपर्यंत तापली की तिचा दाब साधारण १४ टक्क्यांनी वाढतो. उंच डोंगरावर बाहेरचा दाब कमी असल्याने फरक आणखी जाणवतो. त्यात शॉकअप खोल दबून हवेची जागा एक तृतीयांशावर आली की दाब आणखी तिप्पट. हा सगळा भार त्या दोन ओठांवर येतो. मी दर वेळी गाडी बाहेर काढण्याआधी हा स्क्रू मोकळा करतो. हवेवर चालणाऱ्या शॉकअपला मात्र हे करू नका. तिथे हवा हीच स्प्रिंग असते आणि तिचा दाब पंपाने मोजून ठेवायचा असतो.

एवढ्याने गळती थांबली तर उघडायची गरज नाही. थांबली आणि दोनचार तासांत परत आली, तर कण हे निमित्त होतं. पुढे चला.

पाइपावरून हात फिरवा, मग पायमोजा फिरवा

डोळ्यांना जे दिसत नाही ते पाइपावर सर्वांत जास्त असतं. चांगल्या उजेडात पाइप स्वच्छ करा, पुढच्या चाकावरची माती काढून टाका आणि आधी अंगठ्याचं नख पाइपावरून वरपासून खालपर्यंत सावकाश ओढा. मग आडवं, गोलाकार. नंतर पातळ नायलॉनचा पायमोजा हातावर चढवून तेच करा. नायलॉनचा धागा इतका बारीक असतो की डोळ्याला न दिसणाऱ्या टोकालाही तो अडकतो. कापसाचा बोळाही चालतो, तंतू मागे राहतात आणि जागा सांगतात. बहुतेक खड्डे पाइपाच्या पुढच्या बाजूला असतात, कारण पुढे धावणाऱ्या गाडीच्या चाकाने उडवलेला दगड तिथेच बसतो. पण प्लास्टिकच्या गार्डमागेही बघा. गार्ड आणि पाइप यांच्यामध्ये खडा अडकला की तो प्रत्येक दाबाला पाइप खरवडतो, आणि ही जागा गार्ड काढल्याशिवाय दिसत नाही.

माझा मोजा खालून साधारण १२ सेंटिमीटरवर अडकला. भिंग लावून पाहिलं तेव्हा मोहरीहून लहान खड्डा दिसला, आणि त्याच्या एका कडेला धातू वर उचललेला. खड्डा स्वतः फार त्रास देत नाही, त्याची उचललेली कड सील कापते. ती कड खाली बसवायची. त्यासाठी १००० किंवा १२०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून बोटाखाली घ्या आणि फक्त त्या जागेवर पाइपाभोवती आडवा फिरवा. वर-खाली कधीही घासू नका. उभ्या चऱ्या म्हणजे तेलाला बाहेर जायला पाडलेल्या वाटा, सील त्यांवर बसूच शकत नाही. बारीक ऑइलस्टोन असेल तर आणखी चांगलं, तो कडक असल्याने फक्त वर आलेलाच भाग कापतो आणि आजूबाजूच्या क्रोमला धक्का लागत नाही. मोजा सहज सरकू लागला की थांबा. जास्त घासून क्रोमचा थर जाऊ द्यायचा नाही.

खड्डा खोल असेल तर कड बसवल्यावर तो नीट तेलमुक्त करून त्यात चांगल्या प्रतीच्या एपॉक्सीचा थेंब भरा, पूर्ण कडक होऊ द्या आणि तसाच आडवा घासून पाइपाशी सपाट करा. मी हे एका मित्राच्या गाडीवर केलं आहे, नीट टिकलं. पण क्रोमची साल सुटून वर उचललेली असेल, खालून गंज डोकावत असेल किंवा सील फिरतं त्या पट्ट्यात बोटाला जाणवणारी लांब उभी चीर असेल, तर घरचे उपाय थांबवा. तो पाइप पुन्हा क्रोम करून घ्या किंवा बदला.

मला वाटलं, सापडलं कारण. कड घासली, सील नेहमीप्रमाणे बदललं, आणि तेव्हा काढलेले बुश हातात घेऊन उजेडात धरले.

बुश काय सांगतात

शॉकअपच्या आत दोन बुश असतात. एक पाइपाच्या टोकाच्या खाचेत, दुसरा जाड नळीच्या तोंडाशी, सीलच्या लगेच आत. पाइप वाकडातिकडा न होता सरळ सरकत राहावा ही त्यांची जबाबदारी. त्यांच्यावर टेफ्लॉनचा राखाडी थर असतो आणि तो झिजला की खालचा तांबूस धातू दिसू लागतो. बऱ्याच सर्व्हिस पुस्तिकांत नियम असा आहे की तीन चतुर्थांशाहून जास्त भागात तांबं दिसलं की बुश बदला.

माझ्या उजव्या शॉकअपचे बुश सगळीकडून एकसारखे मळकट राखाडी होते. डावीकडच्या बाहेरच्या बुशचा एक तृतीयांश भाग मात्र नवीन नाण्यासारखा तांबूस चमकत होता आणि उरलेला भाग जवळजवळ न वापरलेला. आतल्या बुशवर हाच चमकता पट्टा बरोबर विरुद्ध बाजूला. म्हणजे डावा पाइप नळीत सरळ सरकतच नव्हता. कोणीतरी तो सतत एका बाजूला ढकलून धरत होतं. पाइप तिरका चालला की सीलचा एक ओठ जास्त दाबला जातो आणि समोरचा सुटतो. तेल सुटलेल्या बाजूने येतं. ते पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की दगडाच्या खड्ड्याने काम फक्त लवकर झालं. खड्डा नसता तरी हे सील गेलंच असतं.

बुश असे एकांगी झिजलेले दिसले तर कारणं मोजकीच आहेत. पाइप वाकलेला, टी (दोन्ही शॉकअप वर आणि खाली पकडून गाडीला जोडणारा भाग) वाकडी किंवा पिळलेली, टीचे बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळलेले, किंवा चाक बसवताना ॲक्सलने दोन्ही शॉकअप एकमेकांकडे ओढलेले.

पाइप वाकला आहे का हे घरी बघायचं तर तो सपाट काचेवर ठेवून लोळवा आणि खालून येणारी उजेडाची फट पाहा. अचूक मोजायला व्ही-ब्लॉक आणि डायल गेज लागतं. अनेक पुस्तिकांत मर्यादा ०.२ मिलीमीटरची आहे, आणि ती डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून शंका असेल तर गेज असलेल्याकडे न्या. टीच्या बोल्टांची परीक्षा सोपी आहे. स्प्रिंग काढलेला शॉकअप टीत बसवा, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळा आणि पाइप हाताने पूर्ण वर-खाली सरकवा. कुठे अडखळतो का? उलट्या शॉकअपमध्ये टी जाड नळीलाच पकडते. खालच्या टीचे बोल्ट जोरात आवळले की नळी अंडाकृती दबते आणि बुश तिथे धरून बसतात. पुस्तिकेतला आकडा बहुतेक गाड्यांत २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, काहींत त्याहूनही कमी. हा हातात फार थोडा जोर आहे. लांब पाना घेऊन अंदाजाने आवळणाऱ्याचा हात सहज त्याच्या दुप्पट जातो. टॉर्क रेंच इथे घ्यायलाच हवा, पैसे वाया जात नाहीत.

माझे पाइप सरळ होते, टीचे बोल्ट बरोबर होते. राहिला ॲक्सल.

चाक बसवण्याची ती एक पायरी

चाक काढलेलं असताना स्वच्छ पुसलेला ॲक्सल दोन्ही शॉकअपांच्या भोकांतून हाताने सरकवून बघा. बोटाने ढकलल्यावर तो आरपार जायला हवा. हातोडी लागत असेल तर शॉकअप टीमध्ये वर-खाली बसले आहेत किंवा पडल्यावर टी पिळली आहे. पिळलेली टी बऱ्याचदा बोल्ट सैल करून, चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवल्यावर जागेवर येते. नसेल येत तर ती वाकली आहे.

माझा ॲक्सल सहज जात होता. गडबड पुढे होती. मी चाक बसवायचो, ॲक्सलचा नट आवळायचो आणि लगेच दोन्हीकडचे पिंच बोल्ट (शॉकअपच्या तळाशी ॲक्सलला चिमटीत धरणारे) आवळून गाडी स्टँडवरून उतरवायचो. ॲक्सलचा नट आवळताना एक शॉकअप ॲक्सलच्या खांद्यावर घट्ट बसतो. दुसरा त्या ॲक्सलवर मोकळा सरकायला हवा, म्हणजे तो स्वतःची जागा शोधतो. तो मोकळा असतानाच शॉकअप दाबले नाहीत तर तो आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला ओढलेल्या स्थितीत पकडला जातो, आणि वरून पिंच बोल्ट आवळले की तो ताण कायमचा राहतो. गाडी उभी असताना काहीच दिसत नाही. शॉकअप खोल दबतो तेव्हा पाइप नळीच्या भिंतीला घासत जातो. माझ्या गाडीत मोकळा सरकणारा शॉकअप डावाच होता.

आता मी असं करतो. ॲक्सल ग्रीसचा पातळ थर देऊन आत घालतो. ज्या बाजूने ॲक्सल पक्का बसतो त्या बाजूचे पिंच बोल्ट हलके धरतो, ॲक्सलचा नट ठरलेल्या टॉर्कला आवळतो आणि त्या बाजूचे पिंच बोल्टही पूर्ण आवळतो. मग दुसऱ्या बाजूचे पिंच बोल्ट पूर्ण सैल ठेवतो. चाक फिरवून पुढचा ब्रेक दोनचार वेळा दाबतो, म्हणजे कॅलिपर डिस्कवर मध्यावर येतो. गाडी जमिनीवर उतरवून, ब्रेक धरून, शॉकअप पाचसहा वेळा तळापर्यंत दाबतो. सैल बाजूला नजर ठेवली तर पहिल्या एकदोन दाबांत शॉकअपचा खालचा भाग ॲक्सलवर केसभर सरकताना दिसतो. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तो जवळजवळ दोन मिलीमीटर बाहेर गेला. तेवढाच ताण प्रत्येक दाबाला माझ्या डाव्या बुशवर पडत होता. तो स्थिर झाल्यावरच त्या बाजूचे पिंच बोल्ट आवळतो, एक-दोन-एक-दोन असे आळीपाळीने, कारण एक आवळला की दुसरा थोडा सैल होतो.

शॉकअप नेहमीपेक्षा कडक वाटतो, बारीक खडबडीवर हात दुखतात, पहिल्या दाबाला किंचित अडकून मग सुटतो, अशी तक्रार असेल तरीही आधी हीच पायरी करून बघा. बऱ्याच जणांनी फक्त एवढ्यासाठी महागडे वाल्व बदलले आहेत.

उघडायचंच असेल तर

सील फाटलं असेल तर शॉकअप उघडावाच लागेल. आधी पुस्तिका जवळ ठेवा. वरच्या टीतून नळी किती वर आली आहे ते मिलीमीटरमध्ये मोजा. कॉम्प्रेशन (दबणं) आणि रिबाउंड (परत उघडणं) किती कडक ते ठरवणाऱ्या ॲडजस्टरचे क्लिक पूर्ण आत नेताना मोजा आणि लिहून ठेवा, मग ते पूर्ण बाहेर, म्हणजे मऊ करून ठेवा. गाडीवर असतानाच वरच्या टीचे बोल्ट सैल करून कॅप पाव फेरा सैल करा. खालची टी घट्टच असू द्या. शॉकअप खाली काढल्यावर ही कॅप सोडवणं फार जड जातं, आणि व्हाइसमध्ये नळी दाबून ती सोडवायच्या नादात नळी कायमची दबते. हवेचा शॉकअप असेल तर सगळी हवा सोडल्याशिवाय कॅपला पाना लावायचा नाही. सरळ शॉकअपमध्ये कॅप शेवटच्या आट्यावर स्प्रिंगच्या जोराने उडते, चेहरा त्याच्या रेषेत ठेवू नका. कॅलिपर दोरीने टांगा, होजवर लटकू देऊ नका, आणि पॅडमध्ये लाकडाचा तुकडा घाला, म्हणजे चुकून ब्रेक दाबला गेला तर पिस्टन बाहेर येणार नाहीत.

ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा. ते काय दिसतं यावर बरंच कळतं. नुसतं काळपट असेल तर वयाचं आहे. भांडं हलवल्यावर राखाडी चांदीसारखी लाट फिरताना दिसली तर बुश किंवा नळीची आतली बाजू झिजते आहे. दुधाळ असेल तर पाणी गेलं आहे, आणि पाणी बहुतेक वेळा प्रेशर वॉशरची धार थेट डस्ट सीलवर मारल्याने जातं.

उलट्या शॉकअपमध्ये डॅम्पर (तेलाने शॉकअपचा वेग आवरणारा आतला भाग) काढल्यावर डस्ट सील खाली करा, स्नॅप रिंग (सील जागेवर धरणारी तारेची कडी) काढा, सीलजवळची नळी हॉट एअर गनने हाताला सोसेल इतपत गरम करा आणि पाइप बाहेरच्या दिशेने झटके देऊन ओढा. आतला बुश बाहेरच्या बुशवर आपटतो आणि त्याच्याबरोबर वॉशर आणि सील बाहेर येतं. दोन कप्प्यांचा बंद डॅम्पर असेल तर तो आख्खा बाहेर काढून बाजूला ठेवा. सील बदलायला तो उघडावा लागत नाही, आणि त्यातली हवा काढून पुन्हा भरायला वेगळी साधनं लागतात. सील उचकटायला स्क्रूड्रायव्हर वापरलाच तर नळीच्या आतल्या कडेला ओरखडा पडू देऊ नका. तिथली चीर नव्या सीलच्या बाहेरच्या अंगाने तेल सोडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

बसवताना सील कुठे मरतं

नवं सील पहिल्या दिवशीच गळतं, तेव्हा ते बहुतेक बसवतानाच कापलेलं असतं. पाइपाच्या टोकाला बुशची खाच आहे, तिची कड ब्लेडसारखी असते. त्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढून घ्या, बाहेरून शॉकअपचं तेल लावा आणि मगच सील त्यावरून सरकवा. उलट्या शॉकअपवर चढवायचा क्रम असा: आधी डस्ट सील, मग स्नॅप रिंग, मग ऑइल सील, मग वॉशर, मग बाहेरचा बुश. पिशवी काढून शेवटी आतला बुश खाचेत. क्रम चुकला तर सगळं परत काढावं लागतं, म्हणून टेबलावर आधी तसंच ओळीने मांडून ठेवा. सीलच्या ज्या बाजूला बारीक गोल स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे, अक्षरं कोरलेली बाजू डस्ट सीलकडे. ओठांना रबराला चालणारं ग्रीस लावा, साधं चाकाचं ग्रीस नको, काही ग्रीसने रबर फुगतं.

सील ठोकायला पाइपाच्या मापाचं दोन तुकड्यांचं ड्रायव्हर घ्या. पाइपाची मापं ४३, ४७, ४८, ४९ मिलीमीटर अशी जवळजवळची असतात, पण एका मापाचं ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. आधी बुश आणि वॉशर बसवा, मग सील. बसत गेल्यावर आवाज बदलतो. स्नॅप रिंगची खाच पूर्ण गोल दिसली की थांबा. एका बाजूला खाच अर्धी झाकलेली असेल तर सील तिरकं आहे.

ऑइल भरताना डब्यावरच्या ५डब्ल्यू या अक्षरांवर विसंबू नका. दोन कंपन्यांची ५डब्ल्यू ऑइल ४० अंशांना वेगवेगळी पातळ असतात. डब्यावरचा सेंटिस्टोकचा (तेलाच्या दाटपणाच्या मापाचा) आकडा जुळवा. भरल्यावर डॅम्परचा रॉड सावकाश दहापंधरा वेळा वर-खाली करा, रिकामं वाटणं बंद होईपर्यंत, आणि दहा मिनिटं उभं राहू द्या, म्हणजे बुडबुडे वर येतील. मग, साध्या उघड्या कार्ट्रिजच्या (ज्याचा डॅम्पर बंद नसतो अशा) शॉकअपमध्ये, स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण आत, शॉकअप उभा, अशा स्थितीत नळीच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजा. बंद डॅम्परच्या शॉकअपमध्ये बाहेरच्या कप्प्याचं तेल मिलीलिटरमध्ये मोजून भरतात. तेल जास्त झालं की हवेला जागा कमी उरते, शेवटच्या दाबात दाब भलताच वाढतो आणि सीलवरच येतो. शॉकअप तळाला आपटतो म्हणून तेल वाढवणारे अनेक जण नंतर गळतीची तक्रार करतात. आपटत असेल तर आधी आपल्या वजनाला स्प्रिंग पुरेशी आहे का ते तपासा.

गाडी ट्रेलरवर बांधताना पट्टे तळापर्यंत आवळून रात्रभर ठेवू नका. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाकडी ठोकळा घाला, शॉकअप त्यावर टेकतो आणि आतली हवा दाबलेली राहत नाही.

जोडून झाल्यावर पहिल्या फेरीनंतर पाइप पुसा. १० तासांनी पुन्हा पुसा आणि डस्ट सील खाली करून आत बघा. आता मी बुश बदलले की जुने दोन्ही बाजूंचे तारीख आणि तास लिहिलेल्या पाकिटात ठेवतो. पुढच्या वेळी शेजारी धरले की झीज सगळीकडून सारखी आहे की एका अंगाला, हे एका नजरेत दिसतं. गेल्या महिन्यात काढलेले दोन्ही डावे बुश सगळीकडून एकसारखे मळकट राखाडी निघाले.